जेटीवर बसायचं तिकीट: नगरपालिकेला एक खुलं पत्र

माननीय नगराध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब आणि सगळे नगरसेवक-नगरसेविका, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

शहराचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला कळेलच, आणि बाकीच्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी चालेल, कारण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या ज्या गावाला बंदर आहे तिथे हे आज ना उद्या पोचणारच आहे.

मी बाजारपेठेत ब्लाऊज-ड्रेस शिवते. एसटी स्टँडवरून बंदराकडे जाताना जी पायऱ्यांची पाखाडी उतरते ना, तिच्या तोंडाशीच माझा गाळा आहे. कुठल्या पार्टीची नाही, कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये, इलेक्शनला उभी राहायची हौस नाही. गेल्या आठवड्यात जेटीच्या तोंडावर जो फ्लेक्स लागला तो वाचला आणि मग गप्प बसवेना. फ्लेक्सवर वर तुमचे सगळ्यांचे हात जोडलेले फोटो, मधे "सुशोभित बंदर, पर्यटनाचा नवा मानबिंदू", आणि त्याखाली: प्रवेश शुल्क मोठ्यांना २० रुपये, मुलांना १०, कॅमेरा ५०, वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ७.

आधी त्या सातचंच विचारते. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यच सातच्या सुमाराला बुडतो. म्हणजे २० रुपये भरून आत गेलेल्या माणसाला शिट्टी मारून बाहेर काढणार आणि मग त्याने सूर्यास्त गेटच्या जाळीतून बघायचा? हे टायमिंग ज्यांनी ठरवलं त्यांनी संध्याकाळी बंदरावर कधी पाय ठेवलाय का, एवढं फक्त सांगा. आणि सकाळी ९? सकाळी चालायला येणारी माणसं साडेसहाला येऊन आठला घरी चहाला परतलेली असतात.

आता माझं काय अडलंय ते. आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. मी, नवरा, दीर, सासूबाई आणि दोन मुलं. संध्याकाळी लाईट गेली की आत बसवत नाही, लाईट असली तरी मे महिन्यात बसवत नाही. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांची हीच कथा. जुन्या घरांना पडवी असायची, भाड्याच्या खोल्यांना ती नसते, म्हणून आमची पडवी म्हणजे ती जेटी. सासूबाईंना डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सपाटीवर चालायला सांगितलंय आणि आपल्या गावात चढ-उतार सोडून सपाट असं काय आहे? बंदर रस्ता आणि जेटी, संपलं. आता सहा जणांचा हिशोब करा, चार मोठे नि दोन लहान, एका संध्याकाळचे १०० रुपये. आठवड्यातून तीनदा गेलो तरी महिन्याचे १२००. एवढ्यात माझे तीन अस्तराचे ब्लाऊज जातात, ते पण गिऱ्हाइकाने पैसे वेळेवर दिले तर.

"२० रुपयांचं काय एवढं" असं एका नगरसेवकांनी माझ्याच गाळ्यात उभं राहून मला ऐकवलं. साहेब, २० रुपये एकदा येणाऱ्याला काही नाहीत. पुण्याहून गाडी घेऊन आलेला माणूस १४० रुपयांची सोलकढी-थाळी वाढीव भाताशिवाय जेवतो नि वर २० टाकतो, त्याला जाणवणार पण नाही. तुम्ही हिशोब त्याचा धरलाय. पण जेटीवर रोज येतो कोण? मी सांगते, कारण मी बघत असते. बर्फाच्या फॅक्टरीतून सुटलेली पोरं. कॉलेजची मुलं, ज्यांच्याकडे कॅफेत बसायला पैसे नाहीत आणि घरी बोलायला जागा नाही. ट्रॉलरवर काम करणारे नेपाळी खलाशी, ते बोटी बांधायच्या शेवटच्या खुंटाला टेकून गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात, फोन समुद्राकडे फिरवून बायको-पोरांना बोटी दाखवतात, आणि मग पलीकडून बारक्या पोराचा ओरडा ऐकू येतो. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर असो की मालवण, कुठेही जा, ही माणसं आता आपल्या मासेमारीचा कणा आहेत. त्यांच्याकडून सुट्टीच्या दिवशी बसायचे २० रुपये घ्यायचे?

आणि एक प्रश्न तुमच्यापैकी कोणालाच सुचला नाही बहुतेक. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला येणाऱ्यांना तिकीट आहे का? गणपती विसर्जनाला? मिरवणुकीत पाचशे माणसं असली तर पाचशे तिकिटं फाडणार की गणपतीसमोर तेवढ्यापुरतं गेट उघडणार? १ जूनला मासेमारी बंद होते, बोटी वर काढतात, ती कामं करणारी माणसं आत कशी जाणार, पास घेऊन? जेटी ज्या ठेकेदाराला दिलीये त्याच्या ठेक्याच्या कागदात यातलं काहीच नाही असं कळतं. कळतं असंच म्हणायला लागतंय, कारण तो कागद कोणी दाखवत नाही.

जेटी मुळात कोणाची तेही विचारते. छोटी बंदरं १९९६ पासून महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहेत. मग आपण त्यांच्याकडून लेखी परवानगी घेतली का? घेतली असेल तर नोटीस बोर्डवर लावा, प्रश्न मिटला.

आता मुंबईचं सांगते, कारण तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना "मुंबईसारखं करू" असं भाषणात म्हणायची सवय आहे. माझी नणंद लालबागला असते. आम्ही मुलांना घेऊन कोकणकन्येने जातो, पहाटे सीएसएमटीला उतरतो, आणि उतरल्यापासून आमची मुंबई चालू होते ती फुकट. ते स्टेशनच २००४ पासून जागतिक वारसा आहे. समोरच्या फुटपाथवर उभं राहून मान वर करून त्याच्यावरचे दगडातले मोर-माकडं बघायला कोणी पैसे मागत नाही. तिथून चालत फ्लोरा फाउंटन, हॉर्निमन सर्कलच्या बागेत पाय मोकळे करायचे, एशियाटिकच्या पायऱ्यांवर घरून आणलेल्या चपात्या खायच्या. मग काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालापासून आहे ती, आत थंडगार आणि प्रवेश फुकट, चित्रं बघा नाहीतर नुसतं उन्हातून येऊन गार व्हा. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बाहेरच थांबल्या होत्या, म्हणाल्या आपल्यासारख्यांना आत सोडत नसतील. आत गेल्या तर एका गलबताच्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या. त्यांचे वडील तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. मोठ्याने म्हणाल्या, "शीड हिकडे फुगलाय नि बावटा तिकडे उडतोय, असो वारो खंयचो?" चित्रकार बाजूलाच उभा होता. तो आधी लाजला, मग हसला आणि त्याने त्यांना खुर्ची आणून दिली. तिकीट असतं तर हा प्रसंग घडलाच नसता, कारण आम्ही आत गेलोच नसतो.

पुढे गेटवे ऑफ इंडिया. १९२४ ला बांधून झालं, आज तिथे बॅगा तपासतात पण तिकीट नाही.  आणि शेवटी मरीन ड्राईव्ह. जवळजवळ साडेतीन किलोमीटरचा कट्टा. देशात सगळ्यात महाग जमीन कुठे विचाराल तर तिथलीच आसपासची, मागे त्या गोल बाल्कन्यांच्या जुन्या बिल्डिंगा, त्यातल्या कित्येक २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्या. आत घर घ्यायचं तर सात जन्म पुरणार नाहीत, पण त्यांच्यासमोरच्या कट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून बसायला हमाल आणि शेठ दोघांना पैसे तेवढेच, म्हणजे शून्य. मुंबईने सगळं विकलं म्हणतात, गिरण्या विकल्या, जमिनी विकल्या, पण तो कट्टा नाही विकला. आणि आपण तर असला कट्टाच आधी विकायला काढलाय.

हां, मुंबईत तिकिटं आहेत, ते मला माहितीये, कोणी कमेंट करायच्या आधी मीच सांगते. राणीच्या बागेला आहे, काळा घोड्याच्या मोठ्या म्युझियमला आहे, मलबार हिलवर झाडांतून जाणारी ती नवी उंच वाट केलीये तिलाही आहे. आपल्याकडे अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला आहे. त्याला माझी ना नाही. प्राण्यांना खायला लागतं, जुन्या वस्तू जपायला लागतात, नवीन काहीतरी बांधलं तर त्याचा खर्च काढायला लागतो. तुम्ही जेटीच्या बाजूला मत्स्यालय बांधा, बोटिंग काढा, मुलांच्या गाड्या आणा आणि त्याला खुशाल तिकीट लावा, मी पण फाडीन. पण इथे तुम्ही नवीन काय दिलंत? जुन्या जेटीला रंग दिला, पाईपचं रेलिंग टाकलं, "आय लव्ह" लिहून पुढे गावाचं नाव अशी लाईटची अक्षरं उभी केली (त्यातलं एक दुसऱ्याच आठवड्यात बंद पडलं) आणि गेट बसवलं. जे आमचं होतंच ते आम्हाला परत विकायला काढलंय.

बाकी गाऱ्हाणी पण याच पत्रात सांगून टाकते, सगळी एकाच माळेतली आहेत.

बाकडी. बंदर रस्त्याला कडप्प्याची बाकडी होती, लोकांनी आईवडिलांच्या नावाने दिलेली, पाठीवर "कै." करून नाव कोरलेलं. सुशोभीकरणात ती काढली आणि त्या जागी स्टीलचे तिरके दांडे लावले, ज्याच्यावर माणूस बसू शकत नाही, नुसता टेकतो, आणि दुपारी टेकलात तर चटका बसतो. जुनी बाकडी कुठे आहेत? पाण्याच्या टाकीमागे उलटी पडलीयत, मी बघून आले. एकावर शेवाळ धरलंय आणि नाव जमिनीकडे गेलंय. ज्यांनी पैसे घालून ती दिली त्यांच्या घरच्यांना एका शब्दाने विचारलं का? म्हाताऱ्या माणसाला जेटीपर्यंत चालायचं तर मधे दोनदा बसायला लागतं. बाकडी नाहीत म्हणजे म्हातारी माणसं येत नाहीत, आणि मग तुम्हीच म्हणणार की इथे कोणी येतच नाही, देऊन टाका ठेक्याला.

मैदान. शाळेमागचं मैदान वर्षातून किती दिवस पोरांना मिळतं ते एकदा मोजा. कपड्यांचे सेल, फनफेअर, फर्निचरचं प्रदर्शन, मग रात्रीच्या लाईटमधल्या अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा, मधे कोणाचातरी वाढदिवस. तंबू उठला की जमिनीत खिळे आणि खड्डे. माझ्या मुलाच्या पायात खिळा गेला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. स्पर्धा मला पण आवडतात, दीर खेळतो माझा. पण भाडं मिळतं म्हणून मैदान कायमचंच भाड्याला लावलं तर पोरांनी रस्त्यावर खेळायचं, आणि रस्त्यावर खेळली की रिक्षावाले ओरडतात.

वाचनालय. कोकणाला वाचनालयांचा केवढा अभिमान. रत्नागिरीचं १८२८ चं, चिपळूणचं १८६४ चं, भाषणात तुम्हीच सांगता. आपल्या वाचनालयाची कौलं मे २०२१ च्या तौक्ते वादळात उडाली. तेव्हापासून वाचनकक्ष "दुरुस्तीसाठी बंद". पेपर वाचायला येणारे रिटायर्ड लोक आता न्हाव्याच्या दुकानात बसतात. स्पर्धा परीक्षेची मुलं, ज्यांच्या घरी टीव्ही आणि भांडण दोन्ही चालू असतं, ती कुठे बसतात माहितीये? देवळाच्या सभामंडपात, आणि नाहीतर एटीएमच्या बाहेर, कारण तिथे लाईट असते.

बायकांचं टॉयलेट. मच्छीमार्केटशेजारी पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना ५ रुपये. संध्याकाळी सातला तेही कुलूप. मुंबईत बायकांनी यावर २०११ पासून "राईट टू पी" म्हणून मोहीम चालवली, आपल्याकडे कोणी बोलत नाही कारण विषय लाजेचा. मी बोलते. सगळं फुकट ठेवलंत आणि हे बंद ठेवलंत तर बाई तासाभरात घरी परतणार. मासे विकणाऱ्या बायका पहाटेपासून तिथे असतात, त्या दिवसभर पाणी कमी पितात, त्यांनाच विचारा.

माझ्या भाच्याने नुकती वकिली चालू केलीये, त्याने मला दोन गोष्टी दाखवल्या. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी दिली त्यात बागा, उद्यानं, खेळाची मैदानं स्पष्ट लिहिलीयत. आणि आपल्या राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात बागा नि वाचनालयं ऐच्छिक कामांत आहेत, म्हणजे केली तर केली. तुम्ही दुसरीवर बोट ठेवून सुटाल हे मला समजतं. पण ऐच्छिक म्हणजे इच्छा पाहिजे, आणि ती कोणाची तर तुमचीच ना? मग पाच वर्षांनी आमचीही इच्छा असतेच.

माझ्या गाळ्यासमोर एसटी थांबते. सीझनला रोज कोणीतरी सॅक लावलेलं विचारतं, "ताई, पुढची गाडी तीन तासांनी आहे, इथे जवळपास फुकट बघण्यासारखं काय आहे?" मी हातातला टेप मानेवर टाकून सांगत बसते. पाखाडीने खाली उतरा, जांभ्याच्या पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला जुनी घरं. खाली ग्रामदेवतेचं देऊळ, सभामंडपाच्या लाकडी खांबांवरची वेल बघा, दुपारी देऊळ झोपलेलं असतं, कोणी हाकलणार नाही. मग काजूवाल्यांची गल्ली, भाजताना वासानेच पोट भरतं. चारनंतर खाडीच्या बाजूला जा, तिथे लाकडी होडी दुरुस्त करतात, फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून बसवतात ते बघा, मिस्त्री बोलका आहे. आणि पाचला बंदरावर लिलाव. हर्णैचा लिलाव बघायला लोक लांबून जातात, आपला छोटा आहे पण मजा तीच. टोपलं वाळूत आदळलं की भोवती बायकांचं रिंगण, बांगड्याचा वाटा दोनशे, सव्वादोनशे, बोलणारी मान पण हलवत नाही, नुसती भुवई उडवते आणि भाव वाढतो. नवीन माणसाला कोणी घेतलं तेच कळत नाही. बर्फ फुटत असतो, घारी वर फिरत असतात, आणि मग तिथून जेटीच्या टोकाला जाऊन बसा, गाडीची वेळ होईपर्यंत.

ही सगळी यादी फुकटची आहे आणि ती खायला-प्यायला पैसे इथेच सोडायला लावते. तो सॅकवाला परत येताना अर्धा किलो काजू घेऊन येतो, कोकम सरबत पितो, एकीने तर माझ्याकडून पिशवी शिवून घेतली. सावंतवाडीत मोती तलाव शहराच्या मधोमध आहे, काठाने फेरी मारायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच संध्याकाळी काठावरचा भेळवाला, चहावाला जगतो. आपल्या जेटीला गेट लागलं की बाहेरचे शेंगदाणेवाले आजोबा पहिले बसणार, कारण आत फक्त ठेकेदाराचं फूड कोर्ट.

मागण्या सरळ आहेत.

जेटी आणि बंदर रस्त्यावरचं प्रवेश शुल्क रद्द करा आणि गेट काढा. खर्च काढायचाच तर चारचाकीचं पार्किंग, शूटिंग आणि खेळांच्या गाड्या यावर लावा. रात्री दहापर्यंत लाईट चालू ठेवा आणि एक वॉचमन ठेवा, दारुड्यांसाठी, कारण त्या कारणाने गेट लावलं असं कोणीतरी म्हणणार आहे.

कडप्प्याची बाकडी जशी होती तशी परत बसवा, नाव वर करून. शक्य तिथे झाडाखाली.

वाचनकक्ष कधी उघडणार त्याची तारीख लेखी द्या. तोवर नगरपालिकेच्या जुन्या हॉलची एक खोली संध्याकाळी मुलांना अभ्यासाला उघडा, तो हॉल नाहीतरी लग्नसराई सोडून रिकामाच असतो.

मैदान महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस भाड्याने देणार तो आकडा ठरवा नि बोर्डवर लावा, आणि तंबूवाल्याकडून खिळे काढायचं डिपॉझिट घ्या.

बायकांचं टॉयलेट फुकट करा आणि शेवटची एसटी जाईपर्यंत उघडं ठेवा.

ठेक्याचा ठराव आणि करारनामा जाहीर करा. माहिती अधिकारात अर्ज टाकायला मला येतो, १० रुपयांचा स्टँप लागतो, पण तो टाकायला लावू नका. आणि वॉर्डावॉर्डात बैठक घ्या, सकाळी ११ ला नको, तेव्हा आम्ही सगळे कामावर असतो. संध्याकाळी घ्या.

एक जास्तीची सूचना, खर्च जेमतेम एका फ्लेक्सचा. एसटी स्टँडवर एक नकाशा लावा, चालत बघण्यासारख्या फुकट जागांचा. मजकूर मी सांगते, वर कोणाचा फोटो नको.

सह्यांचा कागद माझ्या गाळ्यात ठेवलाय, पेन दोरीला बांधलंय. ज्यांना पटतंय त्यांनी येऊन सही करा, पूर्ण नाव आणि वॉर्ड लिहा, मोबाईल नंबर नको. येत्या सोमवारी सकाळी आम्ही काहीजणी तो घेऊन नगरपालिकेत येतोय. आवक-जावकच्या टेबलावर कोणीतरी असू द्या, आम्हाला शिक्का मारलेली पोच हवी आहे.

आपली,
बाजारपेठेतली शिलाईवाली